अंगठ्याखालची गाठ

माय,

तुला जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली आणि आज पहिल्यांदा तुला लिहिते आहे. उताणी पडून पडून पाठ मोडली माझी, आणि जे सांगायचं आहे ते या घरात कोणाला सांगता येत नाही. ब्लाउजच्या मापांची वही आहे, तिच्या मागच्या पानांवर लिहिते, वही पोटावर उभी धरून. पोटावर म्हटलं खरं, पण पोट कुठे राहिलं आहे मला? मांड्यांपासून बरगड्यांपर्यंत एक घट्ट कपडा चढवला आहे, बाजूला हुकांची रांग, दिवसरात्र काढायचा नाही. आंघोळीपुरती सुटका. वसकन अंगावर जावंसं वाटतं सगळ्यांच्या, पण त्यालाही नीट उठून बसावं लागतं. ऑपरेशनला आज एकोणतिसावा दिवस. शाळेत शिकवली तशी मराठी लिहिते आहे, बोलताना तुझीच तोंडात येते, समजून घे.

तुझा आजार माझ्याकडे आला, माय. तुझ्यासारखीच डावी बाजू. पण मला तो लवकर कळला आणि नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात सगळं झालं. छाती काढली, औषधं चढवली, किरणं दिली. केस गेले, परत आले, आणि आले तेही कुरळे, तू ओळखलंच नसतंस मला. मग पाठीचं मांस पुढे आणून नवीन छाती बांधली. ती बरी झाली, पण वरच्या अंगाला, काखेकडे, खड्डा राहिला. आता या वेळी मांड्यांमधली चरबी बारीक नळीने काढली आणि सुईने थेंब थेंब त्या खड्ड्यात भरली. नणंद बघायला आली तेव्हा म्हणाली, "जीव वाचला ना वहिनी, मंग आता कोनाले दाखवायचं हाय?" मी म्हटलं, "मले." चहा मात्र पूर्ण पिऊन गेली ती. तिला काय सांगू? पंचवीस वर्षं पांढरकवड्याच्या बायकांचे ब्लाउज शिवते मी. कोणाची एक बाजू लहान असते, तिथे गुपचूप जाड अस्तर लावते, आणि ती बाई आरशात बघून खूश होते, तिला ठाऊकही नसतं काहून. साऱ्या गावाला सारखं करून देणारी मी, आणि मीच वाकडी राहू का?

डॉक्टर मॅडम चांगली आहे. माझ्या पोरीपेक्षा दहाएक वर्षांनी मोठी असेल, पण बोलते अशी की आपण शाळेतल्या पोरासारखं बाकावर उभं राहून ऐकावं. म्हणाली, भरलं तेवढं सगळं टिकत नाही, काही विरघळतं, जे टिकायचं आहे त्याला रक्त मिळू द्या. दाबू नका, चोळू नका, कुशीवर झोपू नका. एखादी बारीक गाठ लागली तर घाबरू नका, पण हात लावू नका, फोन करा आणि येऊन दाखवा. मी मान हलवली. मान हलवायला काय लागतं!

गाठ लागली. मागच्या सोमवारी, न्हाणीत. वाटाण्याएवढी, भरलेल्या जागेच्या बरोबर कडेला. आणि माझा अंगठा तिच्यावर गेला. घाबरायच्या आधी गेला बघ, विचार करायच्या आधी गेला. अंगठा आणि पहिलं बोट, मधे ती गाठ, आणि हळूहळू फिरवत दाबायचं. हे मला कोणी शिकवलं ते तुला सांगायला नको.

बाजाराच्या मागे मालक चाचांचं गाद्यांचं दुकान, पुढे रुई पिंजायची मशीन आणि मागच्या खोलीत गाद्या भरणारी तू. मी शाळेतून दप्तरासकट तिथेच यायची. रुईचा धुरळा असा की तुझ्या भुवया दुपारपर्यंत म्हाताऱ्या होत. मशीनचा आवाज चालू असताना तू हातवाऱ्यांनी बोलायचीस, आणि मशीन थांबली तरी थोडा वेळ तसंच ओरडून. मी अकरा वर्षांची असेन तेव्हा तू मला पहिल्यांदा एका गादीचं तोंड शिवायला दिलंस. मी ऐटीत शिवलं, दाभण मोडला नाही, टाके सारखे घातले. तू गादीवरून एकदा हात फिरवलास आणि थांबलीस. म्हणालीस, "झोप हिच्यावर." मला वाटलं बक्षीस आहे. झोपले. "हालू नको." मी तशीच पडून, आणि तू दुसरी गादी भरत बसलीस. थोड्या वेळाने पाठीत काहीतरी रुतायला लागलं. मी चुळबुळ केली तर म्हणालीस, "टोचून राह्यलं का?" मी हो म्हटलं. "मंग घेनाऱ्याले नाई टोचनार का? तो तं रोज झोपीन." मला रडू आलं, मशीन बंद होईपर्यंत तू मला उठू दिलं नाहीस. फार राग आला होता तुझा. आज पडल्या पडल्या तोच राग परत आठवतो, कारण तेव्हाही उताणीच होते.

मग तूच टाके उसवलेस आणि माझा हात धरून आत घातलास. गाठ ओढायची नाही, ओढली की आजूबाजूची रुई पण तिच्यासोबत येते. काठीने मारायची नाही, मारली की अजून घट्ट होते. अंगठ्याखाली घ्यायची आणि चहूकडून दाबत फिरवत राहायचं. "तिले मनवा लागते," तू म्हणालीस. माझ्या बोटांखाली ती गाठ उमलली तेव्हा मी ओरडलेच. चाचा पुढून म्हणाले, "बेटी, तेरी माँ के अंगूठे में मशीन है, सीख ले." मी शिकले. उरलेल्या रुईची तू मला एक बारकी उशी करून दिलीस त्या दिवशी, निळ्या छिटाच्या कापडाची. ती आजही आहे, पार पापड झाली आहे, पण डाव्या हाताखाली ठेवायला तीच लागते मला. मॅडमने विचारलं हे काय, तर म्हटलं, माहेरचं आहे.

तर मी ती गाठ दाबली. एकदा नाही. सोमवारी, मंगळवारी, बुधवारी. न्हाणीचं दार लावून, गरम पाणी घेऊन. मला माहीत होतं नाही दाबायची, मॅडमचे शब्द कानात होते, आणि तरी वाटत होतं, आता उमलेल, आता सुटेल. गुरुवारी तिथे लाली आली आणि गाठ बोराएवढी झाली. आता हात वर केला की ठणकते. भरलेलं माझ्याच हाताने नासवलं की काय, ही एक भीती. आणि दुसरी तुला ठाऊकच आहे. दोन्हींपैकी कोणती खरी ते मला कळत नाही. उद्या सोमवार, नागपूरला दाखवायला जायचं आहे. दाखवायचं की नेहमीसारखं "ठीक आहे" म्हणून पदर ओढून घ्यायचा, यावर चार दिवस डोकं फिरलं आहे माझं. मॅडमला सांगावं तर ती विचारेल, एवढं बजावलं तरी काहून दाबलं? काय सांगू, गादी समजून दाबलं?

घरातही पळायला जागा नाही. पोरीचे बाबा जिनिंगमध्ये फिटर आहेत. यंदा बोंडअळीने कापूस असा खाल्ला की गाड्याच येईनात, आणि संक्रांतीच्या आधीच गेटला कुलूप लागलं. एरवी या दिवसांत माणूस घरी दिसत नाही, अंगावर रुई घेऊन येतो आणि जेवता जेवता झोपतो. आता सकाळपासून उंबऱ्यावर बसून. दर तासाला आत डोकावतात, "कसं वाटून राह्यलं?" "ठीक आहे." "काही पाहिजे का?" "नाही." मग पाणी आणतात, मी मागितलेलं नसताना. वरणात मीठ दोनदा टाकतात आणि मी खाते, कारण बोलले तर चेहरा उतरतो. तेही अडकले आहेत, मीही. दोन खोल्यांत दोन माणसं आणि एकमेकांना ठीक आहे म्हणायचा धंदा. बायका बघायला येतात त्या तोंडाकडे बघतच नाहीत, थेट पदराकडे. एकीला मी म्हटलं, "माप घ्यायचं आहे का वो?" तेव्हापासून ती आली नाही.

मागे एकदा, माझी पहिली तपासणी चालली होती तेव्हा, मी मॅडमला हळूच विचारलं होतं, गाठ दाबली की पसरते का हो? कोणाची, ते सांगितलं नाही. ती म्हणाली, थोडं दाबल्याने असं होत नाही, उशीर केल्याने होतं. मला धीर यावा म्हणून तिने हे सांगितलं आणि मी बाहेरच्या बाकड्यावर येऊन रडले. पोरीला वाटलं सुईची भीती. माय, वर्षानुवर्षं मी समजत होते की माझ्या अंगठ्यांनी तुला मारलं. ते दाबणं तरी तुझ्या सांगण्यावरून होतं.

तू दुकान लवकर सोडून यायला लागली होतीस. मी सोळा वर्षांची. खोबरेल कोमट करून वाटीत आणायचीस, दार लोटायचीस आणि पाठ भिंतीला टेकून बसायचीस. म्हणालीस, "दुधाची गाठ राह्यली असन जुनी. तू मोड, तुह्या बोटाले जमते." मला लाज वाटायची, मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत दाबायची. तू डोळे मिटून. आणि रोज शेवटी विचारायचीस, "कमी झाली का वं?" घरी बापू म्हणत होते नागपूरला जाऊ, चाचाही म्हणाले की जीपची सोय करतो. तू त्यांना म्हणायचीस, "पोट्टी दाबून देते ना, कमी होऊन राह्यली म्हनते. मंग कायले जाचं?" दिवाळी गेली, उन्हाळा गेला, पुढच्या पावसात तू अंथरूण धरलंस.

हे लिहिता लिहिता पोरगी आत आली. काल यवतमाळहून आली आहे, कॉलेजला सुट्टी काढून, उद्या माझ्यासोबत येते म्हणते. म्हणाली, "आई, तू डावा हात वर नाही करून राहिली कालपासून. केस पण बाबांनी विंचरून दिले. दाखव." मी म्हटलं, ठीक आहे. ती म्हणाली, "ठीक आहे तं दाखवायला काय होते?" तुझीच नात आहे, पाठ सोडत नाही. मी ब्लाउजचे हुक काढले. तिने हात धुतले, पुसले, तळवे एकमेकांवर घासून गरम केले आणि एकच बोट हलकेच ठेवलं. दाबलं नाही. मला विचारायचं नव्हतं, पण तोंडातून निघालंच, माय, तुझ्याच आवाजात. "कमी झाली का वं?" तिने बोट उचललं. डोळे भरले तिचे, आणि म्हणाली, "नाही आई. मोठी आहे. लाल पण झालं. तू हात लावला का इथं?" मी हो म्हटलं. तीन दिवस दाबलं म्हणून सांगितलं. ती ओरडली नाही. दवाखान्यातल्या सिस्टरला तिने फोन लावला आणि माझ्यासमोर सगळं सांगितलं, दाबलं तेही. सिस्टर म्हणाली ताप आला तर रात्रीच या, नाहीतर सकाळी सगळ्यांत आधी नंबर लावते. काय निघेल कोण जाणे. पण चार दिवसांत पहिल्यांदा मला श्वास पोटापर्यंत गेल्यासारखं वाटलं, त्या मेल्या कपड्यातसुद्धा. बाहेर तिचे बाबा तिला विचारत आहेत, आणि ती त्यांनाही खरं सांगते आहे.

हे पान इथेच राहील, मापांच्या मागे. धाडायचं तरी कुठे? पण पोरीसमोर बोलले तेवढं तुझ्यासमोरही बोलून टाकते. तुझी गाठ दाबायचे तेव्हा एका दिवशी केळापूरच्या जत्रेला मैत्रिणी निघाल्या होत्या, दारात उभ्या राहून हाका मारत होत्या, आणि मला तुझ्या हातातून सुटायचं होतं. तू विचारलंस आणि मी म्हटलं, हो, कमी झाली. तुझा चेहरा असा खुलला की दुसऱ्या दिवशी मला नाही म्हणवेना, आणि मग कधीच म्हणवलं नाही. माझ्या बोटांना जमतं म्हणून तू माझ्यावर भरवसा ठेवलास, आणि बोटांना सगळं कळत होतं. माय, ती एक दिवसही कमी झाली नव्हती.