डोंगर बंद केला त्या साली

आबा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की गावात आलेल्या नव्या सुनांना तुम्ही कोण होतात ते सांगावं लागतं. मेंढरंवाले म्हटलं की त्या विचारतात, आपल्या गावात मेंढरं होती? होती. दिवाळी झाली की तुम्ही आणि आई घोड्यावर बिऱ्हाड लादून माळशेज उतरून कोकणात जायचात, आणि तिकडं पाऊस सुरू व्हायच्या आत परत फिरायचात, कारण त्या पावसात मेंढरांचे खूर सडतात. मी शाळेपायी चुलतीकडं मागं राहायचे. पावसाळ्याचे चार महिने मात्र आपण सगळे घरी असायचो आणि गावामागचा तो बोडका डोंगर हेच आपलं रान असायचं. जमीन आपल्याला घराखाली होती तेवढीच. डोंगर कुणाचा, हा प्रश्न तुम्हाला कधी पडला नव्हता. मेंढरं वर चढायची आणि संध्याकाळी पोट भरून खाली यायची, एवढंच तुम्हाला ठाऊक.

लोणीच्या पलीकडचं आपलं गाव होळीपासून टँकरची वाट बघायचं. आई दोन हंड्यांसाठी अर्धा दिवस रांगेत बसायची. मी दहावी झाले, त्यानंतर दोन-तीन वर्षांनी ती परदेशी संस्था आली. पुण्याचे एक साहेब आणि त्यांच्याबरोबर पिकल्या केसांची, उंच, गोरी बाई. ती मारुतीच्या पारावर मांडी घालून बसली आणि म्हणाली, आम्ही टँकर देणार नाही, विहीरही खोदून देणार नाही, दिलेलं संपतं. डोंगरावर पडलेलं पाणी डोंगरातच मुरवा. चर तुम्ही खोदा, झाडं तुम्ही लावा, आम्ही शिकवू, लागेल ते पुरवू. पण काही वर्षांनी आम्ही निघून जाऊ, तेव्हा हे सगळं तुम्हाला सांभाळता आलं पाहिजे. साहेब एकेक वाक्य मराठीत सांगत होते आणि मी ते मनात पुन्हा म्हणून बघत होते. मला ते पटलं, आबा. आजही पटतं. तुमच्यापुढं कबूल करायला सगळ्यात अवघड तेच आहे.

घरोघर जाऊन बायकांशी बोलायला त्यांना गावातली मुलगी हवी होती. मला घेतलं. तुम्ही मंचरच्या बाजारातून माझ्यासाठी काळी छत्री घेऊन आलात. "हापिसातल्या बाईच्या डोक्याव ऊन नगं," म्हणालात, आणि आईला तीन वेळा उघडून दाखवलीत.

पुढच्या सभेत अट कळली. डोंगरावर चराई बंद, कुऱ्हाड बंद, आणि ठरावाला प्रत्येक घराची सही नाहीतर अंगठा. एक घर जरी राहिलं तरी काम सुरू होणार नव्हतं. मेंढरंवाली चार घरं. तिघांनी मान खाली घालून हो म्हटलं. आई टँकरच्या रांगेत होती. तुम्ही सगळ्यांच्या मागं उभे होतात. मी पुढं, साहेबांच्या शेजारी, मांडीवर वही घेऊन बसले होते. तुम्ही तिथूनच विचारलंत, "पावसाळ्याचं चार म्हैनं माजी मेंढरं जायाची कुठं?" लोकांनी गलका केला. शहरात वाढलेल्या साहेबांना आपली बोली धड कळायची नाही, त्यांनी मला विचारलं, काय म्हणतायत? मी म्हटलं, चाऱ्याचं विचारतायत. बाईचा चेहरा खुलला. ती म्हणाली, दोन वर्षांत इतकं गवत होईल की कापून न्यायला माणसं पुरणार नाहीत. जनावरं घरी बांधा आणि गवत घाला. तेव्हा तुम्ही लोकांतून वाट काढत पुढं आलात. पटका काढून हातात धरला होतात. "बाई, मेंढरू बांधून ऱ्हात न्हाई. गाय ऱ्हाती, म्हस ऱ्हाती. मेंढरू चालतं म्हनून जगतं. निम्मा डोंगर तरी मोकळा ठिवा. ह्या साली ह्यो, फुडल्या साली त्यो. आमी राखू, लेकरावानी राखू."

मागून कुणीतरी हसलं. सरपंच म्हणाले, "बस झालं राव, सगळ्या गावाचं पानी अडीवता का?" साहेब माझ्याकडं वळले. काय म्हणाले? सगळं गाव माझ्याकडं बघत होतं. मला तुमच्या पटक्याची लाज वाटली, तुमच्या बोलण्याची लाज वाटली, माझ्याच घरातून अडचण उभी राहिली याची लाज वाटली. मी हळूच म्हटलं, "बरं म्हणतायत."

तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं. पण मी मराठीत बोलले होते. तुम्ही ऐकलंत. पटका परत डोक्याला बांधलात आणि सभा संपायच्या आधीच निघून गेलात.

अंगठा मात्र तुम्ही दिला नाहीत. दिवसामागून दिवस गेले. गिरणीत आईशी कुणी बोलेना. टँकरच्या रांगेत तिचा हंडा उचलून मागं ठेवायला लागले. आपल्या कुत्र्याला कुणीतरी धोंडा मारून लंगडं केलं. साहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की तुझ्याच घरातून अडत असेल तर दुसऱ्या मुलीला नेमावं लागेल. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही चुलीपुढं चहा पीत बसला होतात. मी शाईचा पॅड आणि ठरावाचा कागद घेऊनच आत आले. म्हटलं, "आबा, माझी नोकरी जाईल." तुम्ही बशी खाली ठेवलीत. आई भाकरी थापायची थांबली. मग तुम्ही हात पुढं केलात. मी तुमचा अंगठा धरला, शाईवर दाबला, कागदावर टेकवला. "तुज्यासाटी देतो," तुम्ही म्हणालात. "पान्यासाटी न्हाई, गावासाटी न्हाई." मी तो कागद फुंकून वाळवला आणि धावत गेले.

मेंढरं न्यायला व्यापाऱ्याचा टेंपो आला त्या दिवशी तुम्ही घरात भिंतीकडं तोंड करून पडून होतात. बाहेर मेंढरांचा कालवा चालला होता. पुढं चालणारी काळी मेंढी फळीवर पाय ठेवीना, आणि ती चढेना म्हणून एकही चढेना. व्यापाऱ्याच्या माणसानं तिला काठीनं हाणलं. शेवटी आई आत आली आणि म्हणाली, "तुमीच या. तिला लई मारत्यात." तुम्ही उठलात. त्या मेंढीकडं न बघता फळीवरून टेंपोत चढलात आणि आतून तुमची ती नेहमीची हाळी घातलीत. ती गुमान चढली. तिच्यामागं बाकीची चढली. मग त्यांच्यातून वाट काढत तुम्ही एकटे खाली उतरलात. मी छपराच्या खांबाला धरून उभी होते. माझ्याशी तुम्ही त्यानंतर चार दिवस बोलला नाहीत. पाचव्या दिवशी म्हणालात, "जेवलीस का?"

मग त्याच डोंगरावर तुम्ही रोजानं चर खोदायला गेलात. आणि समितीनं तुम्हालाच राखणदार नेमलं, कारण डोंगराची घळ न् घळ तुम्हाला माहीत. लोक म्हणाले, मान दिला. मलाही तसंच वाटलं. दुसऱ्या वर्षी राजुरीकडं पावसानं ओढ दिली आणि आत्या तिची मेंढरं घेऊन आली. मी त्या दिवशी वर रोपं मोजत होते. मेंढरांच्या बरगड्या दिसत होत्या. आपला डोंगर गुडघाभर गवतानं डुलत होता.

"दादा, एक दिस चरू दे. मंग फुडं जातो आमी."

"न्हाई गं. डोंगर बंद हाय."

"कुनी बंद केला?"

मी दहा पावलांवर होते. तुम्ही माझ्याकडं बघितलंसुद्धा नाहीत. "म्या केला," तुम्ही म्हणालात.

आत्या म्हणाली, "मंग तुज्याच हातानं हाकल." तुम्ही काठी उचललीत आणि हाकललीत. पार कळंबच्या वाटेला लागेपर्यंत मागं चालत गेलात. निम्मी मेंढरं वाटेतच मेली, असा निरोप नंतर आला. त्या दिवाळीला आत्या ओवाळायला आली नाही. तुम्ही त्या दिवशी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून दुपारपर्यंत ओट्यावर बसून होतात.

त्यानंतर तुमचं जेवण तुटत गेलं. मंचरच्या डॉक्टरांनी दोनदा तपासलं, काही सापडलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी जुन्नर तालुक्यातल्या एका गावात होते. आमच्या गावानं एकजुटीनं डोंगर कसा राखला, ते तिथल्या लोकांना सांगत होते. आत्या आली ती उंबऱ्यावरच बसली आणि पाणी न पिता गेली.

आबा, पाणी आलं. तुमच्या मागून दुसऱ्याच उन्हाळ्यात आखितीला विहिरीत पाणी होतं. बायका कठड्याला धरून आत बघत रडत होत्या. टँकर गेला तो गेलाच. संस्था ठरल्याप्रमाणे निघून गेली आणि समिती अजून चालते, चर दरवर्षी साफ होतात, चोरून झाड तोडणाऱ्याला सभेत उभं करतात. दिलेलं संपतं असं बाई म्हणाली होती; हे संपलं नाही. ते खोटं निघालं असतं तर मी तुमच्या बाजूनं भांडू तरी शकले असते. ज्यांना जमिनी होत्या त्यांचा कांदा आला, गोठे आले. आपल्याला दारात नळ आला. आई त्याचं पाणी भरते आणि त्याबद्दल कधी काही बोलत नाही.

बाई निरोप घ्यायला आली तेव्हा मी तिला सांगितलं. तिच्याबरोबर पुण्याची एक मुलगी होती, तिला म्हटलं, मी बोलते तसंच सांग, एक शब्द गाळू नकोस. मेंढरू बांधून राहत नाही. निम्मा डोंगर मोकळा ठेवा. ह्या साली हा, पुढल्या साली तो. बाई ऐकत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, दुसऱ्या एका खोऱ्यात आम्ही अगदी तसंच केलंय, तिथल्या मेंढपाळांनी सांगितलं म्हणून. डोंगर आळीपाळीनं मोकळा ठेवतात. गवतही टिकलं, मेंढरंही टिकली. तुमच्या गावातून हे कुणीच सांगितलं नाही, म्हणून आम्हाला वाटलं सगळ्यांना मान्य आहे. तिनं मला दोष दिला नाही. तिला ठाऊकच नव्हतं की त्या सभेत तुम्ही हेच बोलला होतात. मी तेही सांगितलं नाही. गावातले लोक म्हणायचे, असं सांगितलं.

आता मी नव्या मुलींना शिकवते. त्यांना सांगते, सभेत सगळ्यात मागं उभा असलेला माणूस काय बोलतो ते आधी ऐका आणि जसंच्या तसं पुढं पोचवा. त्या लिहून घेतात. हे कुठं शिकलात म्हणून एकीनं परवा विचारलं. मी म्हटलं, कामातून.

मघाशी आई दाराशी येऊन उभी राहिली. तिला आता नीट दिसत नाही. "लई येळ झाला लिव्हतीस, काय लिव्हतीस गं?" मी म्हटलं, "रिपोर्ट." ती बरं म्हणाली आणि हाताला लागेल ते चाचपत आत गेली. हे मी कुठं पाठवणार, आबा? आणि तिला वाचून दाखवायचं, तर त्या सभेत मी काय बोलले हे तिला अजून माहीत नाही.