कोड उलटा वाचायची रीत

मॅडम, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की शाखेत तुम्हाला पाहिलेला आता मी एकटाच उरलोय, आणि मीसुद्धा पुढच्या वर्षी रिटायर होणार. परदेशी पैसे पाठवायचं टेबल तुमचं होतं आणि त्या कामात अख्ख्या इंदुरात तुमचा हात धरणारं कोणी नव्हतं. राजेंद्र नगरहून स्कूटरवर यायचात, डबा खिडकीत ठेवायचात आणि थेट कामाला लागायचात. मला पहिल्याच दिवशी समोर बसवून सांगितलंत, "बँकेचा कोड म्हणजे पत्ता रे. पहिली चार अक्षरं बँकेची, पुढची दोन देशाची, मग गाव, मग शाखा. सरळ वाचलं की डोळा लबाडी करतो, त्याला जे ठाऊक असतं तेच बघतो. म्हणून ग्राहकाच्या कागदाशी ताडून उलटं वाचायचं, शेवटून सुरुवातीला. मगच सही." मी तेव्हा चोवीसचा, स्वतःला फार शहाणा समजणारा. मनात म्हटलं, ये क्या नाटक है भिया. पण तुमचा एकही कोड कधी चुकला नाही, हे मी रोज बघत होतो, आणि खरं सांगतो, मला तुमचा अभिमान वाटायचा.

मग तो सांवेरचा माणूस आला. ट्रॅक्टर दुरुस्त करायचा, हाताचं काळं ऑइल धुऊनही गेलेलं नव्हतं. मुलीला जर्मनीत कॉलेज मिळालेलं, फी आठवड्यात पोचायला हवी. आदल्याच दिवशी मी त्या कॉलेजच्याच बँकेच्या डेन्मार्कमधल्या ऑफिसला दुसऱ्या कोणाचे पैसे पाठवले होते. पहिली चार अक्षरं तीच दिसली आणि मी पुढचं सगळं कालच्या फॉर्मवरून उतरवलं. पैसे डेन्मार्कला गेले. बाराव्या दिवशी तो माणूस कॉलेजचं पत्र घेऊन तुमच्या टेबलासमोर उभा आहे, बसा म्हटलं तरी बसत नाही, आणि एवढंच विचारतोय, "मैडम जी, छोरी की सीट तो नी जायगी?"

तुम्ही त्याला पाणी दिलंत. मला बाजूला घेतलंत आणि हळूच विचारलंत, "उलटं वाचलं होतंस ना?" मी म्हटलं, "हो मॅडम, वाचलं होतं." तुम्ही म्हणालात, "मग खोट माझ्या रीतीत आहे." ओरडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही कॉलेजला फोन लावलात, चूक बँकेची आहे, मुलीची नाही, असं स्वतःच्या सहीचं पत्र पाठवलंत, आणि पैसे परत येऊन पुन्हा जाईपर्यंत तिची जागा धरून ठेवायला लावलीत. मुलगी गेली. तिचा बाप सोयाबीनचं पोतं घेऊन आला, ते तुम्ही घेतलं नाहीत, चहा मात्र पाजलात. हेड ऑफिसला लिहून दिलंत की तपासायची पद्धत तुमची होती आणि तीच अपुरी पडली. त्या वर्षी तुमचं प्रमोशन अडलं. पण मला जास्त लागलं ते दुसरंच. त्यानंतर तुम्ही कोणाला कोड उलटा वाचायला सांगितलं नाहीत. वीस वर्षं जिच्यावर भरवसा ठेवलात ती रीत तुम्ही सोडून दिलीत, माझ्या एका 'हो'मुळे.

मी उलटं वाचलं नव्हतं, मॅडम. सरळसुद्धा धड वाचलं नव्हतं.

तुम्ही गेल्यावर मी ती रीत परत सुरू केली. आता कोड स्क्रीनवरच येतो, तरी नव्या पोरींना मी उलटा वाचायला लावतो आणि त्या हसतात. परवा एकीने विचारलं, "सर, ये तरीका किसका है?" मी तुमच्याबद्दल भरभरून सांगितलं, अर्धा तास तरी बोललो असेन. शेवटी ती म्हणाली, "मतलब मैडम का कोड कभी गलत नहीं हुआ?" मी म्हटलं, "एकदाच झाला."

तो कोड माझ्या हातचा होता, हे मात्र तिला सांगितलं नाही.