तीनशे पंचावन्न

२ एप्रिल २०२५

तीनशे पंचावन्न! पुन्हा तेच. चार वेळा प्रयोग केला, चारही वेळा तेच.

नळीतलं पाणी हळूहळू खाली न्यायचं, तोंडाशी नादकाटा धरायचा, आवाज एकदम भरून येतो ती खूण टिपायची. मग दुसरी खूण. दोन्हींमधलं अंतर चौतीस पूर्णांक सात सेंटिमीटर. त्यावरून हवेतल्या ध्वनीचा वेग – सेकंदाला तीनशे पंचावन्न मीटर. आणि प्रयोगशाळेतल्या भिंतीवरच्या तक्त्यावर तीनशे बत्तीस.

प्रयोगातली माझी जोडीदार गझाला म्हणाली, काकू, सोडा ना, बसवून टाकू.

बसवणं म्हणजे उत्तरावरून उलटं येणं. आधी ३३२ लिहायचं, मग त्याला शोभतील अशी अंतरं. दारव्ह्याच्या आमच्या कॉलेजात हे कुणी चोरून करत नाही. मागच्या वर्षीच्या मुलींच्या वह्या त्यासाठीच तर जपून ठेवलेल्या असतात.

मी बसवलं नाही. रकाना कोरा ठेवून घरी आले. स्वयंपाकात लक्ष नाही. वरणाला फोडणी दोनदा दिली.

३ एप्रिल

राठोड सर म्हणाले, ताई, सात टक्के चूक आहे, परत करा. ते माझ्याहून दहा वर्षांनी लहान. तासिकेवर शिकवतात, दर वर्षी नव्याने ऑर्डर. त्यांच्यावर रागावता येत नाही.

बारावीनंतर बावीस वर्षांनी कॉलेजात आले तेव्हाची गोष्ट आठवली. गॅप सर्टिफिकेट करताना वकिलाने विचारलं, इतकी वर्षं काय करत होता म्हणून लिहू? म्हटलं, घरकाम लिहा. पहिल्या दिवशी वर्गात शिरले तर सगळा वर्ग उभा राहिला, नव्या मॅडम समजून! मी सरळ मागच्या बाकाकडे गेले तेव्हा जे हसू उसळलं – कानशिलं तापली. एक मुलगी हसली नाही. सरकून जागा केली. ती गझाला. तीन वर्षं प्रयोगाला आमची जोडी आहे.

५ एप्रिल

अखंड माध्यमांचं प्रकरण पुन्हा वाचलं. आवाज एवढा लांब जातो, पण हवा जात नाही. हवेचा प्रत्येक तुकडा जागच्या जागी थरथरतो, शेजारच्याला ढकलतो आणि आपल्या ठिकाणी परत येतो. हे वाचून मला का भरून आलं कोण जाणे. माझे यजमान, घनश्याम, म्हणाले, काहून वं, पुस्तक वाचून रडून राह्यली? म्हटलं, कांद्यामुळे. कांदा चिरलेला नव्हता.

७ एप्रिल

सापडलं!

सगळ्यांच्या वह्यांत खोलीचं तापमान २७ आहे. मागच्या वर्षीच्या वह्यांतही २७, त्याच्या मागच्याही. आमचा तापमापी कधीचाच फुटलाय, म्हणून सगळे २७ उतरवतात. एप्रिलमध्ये, आमच्याकडे, पत्र्याच्या खोलीत – सत्तावीस! आजवर कुणालाच हसू आलं नाही?

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतून तापमापी मागून आणला. चाळीस अंश.

तक्त्यावरचे ३३२ हे शून्य अंशाचे. बर्फाच्या गावचे. हवा तापली की आवाज जोरात पळतो, दर अंशाला साधारण साठ सेंटिमीटर जास्त. चाळीस अंशांचे तेवीस-चोवीस मीटर वाढतात. तीनशे पंचावन्नच येतं! आमचं उत्तर चुकलं नव्हतं. ते आमच्या गावचं होतं.

गझालाने मला मिठी मारली. नादकाटा खाली पडला.

९ एप्रिल

सरांना दाखवलं. त्यांनी गणित स्वतः करून पाहिलं. म्हणाले की बरोबर आहे, मीही विद्यार्थी असताना बसवलंच होतं. मग आवाज खाली आणून म्हणाले, बाहेरून येणारे परीक्षक एका दुपारी चाळीस पेपर बघतात. ३३२ दिसलं नाही की लाल गोल. समजावून सांगायला ते वेळ देतील याची हमी मी देऊ शकत नाही, ताई.

वहीवर सही केली मात्र. ३५५ वर.

१२ एप्रिल

गझाला आज पाणपोईजवळ थांबून राहिली होती. तिचे अब्बा, इकबालभाई – बसस्टँडमागे ट्रॅक्टरचं गॅरेज आहे, आमचाही ट्रॅक्टर तिथेच जातो – त्यांनी ठरवून टाकलंय. फर्स्ट क्लास आला तर अमरावतीला एम.एस्सी. नाही आला तर ढाणकीचं स्थळ. मुलगा चांगला आहे म्हणे, कापडाचं दुकान. ती काठावर आहे. एकेक मार्क मोलाचा. आणि परीक्षेला एकाच नळीवर दोघी, मोजमापं दोघींची मिळून, पेपर मात्र वेगळे. दोघींच्या पेपरात एकच आकडा लागतो.

"काकू, तुम्ही नापास झाल्या तं घरी जाल. मी नापास झाली तं दुसऱ्याच्या घरी जाईन. मले नाही परवडत खरं."

तिच्या ओढणीला लागलेला खडू झटकत राहिले.

१८ एप्रिल

बेचाळीस अंश. अभ्यास नाही. वाळवणं.

२३ एप्रिल

तिला फोन करून सांगितलं – प्रयोगाच्या पेपरात ३३२ लिहू. दोघी. ती एवढंच म्हणाली, बरं काकू.

फोन ठेवल्यावर हलकं वाटायला हवं होतं. माझं खरं माझ्यापुरतं मोठं, तिच्या वर्षांपुढे केवढंसं! हे मनाला दहा वेळा सांगितलं. दहा वेळा सांगावं लागलं.

२४ एप्रिल

काय करून बसले.

तोच प्रयोग आला. दोघींनी मिळून मोजलं. चौतीस पूर्णांक आठ. आज उत्तर एक मीटर जास्त, कारण ऊनही जास्त. मग आपापल्या टेबलाशी जाऊन लिहायला बसलो. मी बसवलं. बत्तीस पूर्णांक चार. लिहिताना पेन दोनदा थांबलं, पण लिहिलं.

परीक्षक अमरावतीकडचे, चष्मा कपाळावर. दोन्ही पेपर शेजारी शेजारी ठेवले. माझ्या पेपरात ३३२. गझालाच्या पेपरात ३५६.

"नळी एक, दुपार एक. मग वेग दोन कसे?"

मी गझालाकडे बघितलं, ती माझ्याकडे. गप्प राहिले असते तर दोघीही खोट्या ठरल्या असत्या.

"तिचं खरं आहे, सर. माझं मी बसवलंय."

सगळी खोली ऐकत होती. राठोड सर खिडकीबाहेर बघत होते. परीक्षकांनी गझालाला विचारलं, इतकं जास्त का? तिने तापमानाचं सगळं सांगितलं, अडखळत, पण सांगितलं. त्यांनी मान हलवली की नुसती मान वळवली, कळलं नाही. काहीतरी लिहिलं आणि पेपर पालथे ठेवले.

२५ एप्रिल

गझाला घरी आली. ओट्याजवळ उभी, पाणीही घेईना. तिला वाटलं होतं, मी फोनवर काहीही म्हटलं तरी ऐन वेळी माझ्याच्याने खोटं लिहिलं जाणार नाही. "अन् तुमचं पेन थांबलेलं मी पाह्यलं. म्हटलं, काकू खरं लिहून राह्यल्या. मी ३३२ लिहिलं तं तुमचंच खोटं ठरन. तुम्हाले एकटं कशी सोडू?"

तिने माझ्यासाठी खरं लिहिलं आणि मी तिच्यासाठी खोटं. मग चहा केला. साखर घालायची राहिली, तरी तिने तो तसाच प्यायला.

१९ जून

निकाल. मी प्रयोगात नापास. हिवाळ्यात पुन्हा.

गझाला पास. फर्स्ट क्लास दोन मार्कांनी हुकला. प्रयोगाचेच गेले. फोन बंद आहे तिचा.

मी ठामपणे खरं लिहीन म्हटलं असतं, किंवा दोघींनी नीट खोटं लिहिलं असतं – काहीही एक. माझ्या अर्धवट चांगुलपणाने तिचं एम.एस्सी. गेलं. जेवले नाही. घनश्यामांनी ताट झाकून ठेवलं.

२० जून

सकाळी इकबालभाई दारात. हाताला ग्रीस. मी ऐकून घ्यायच्या तयारीने उभी राहिले.

"भाभी, बेटीने सब बताया. मैं वाल्व का गॅप झूठा लिखूं ना, तो इंजिन मेरे मुंह पे बोलता है. दो मार्क के लिए मैं उसको झूठ सिखाऊं क्या?"

मग खिशातून गझालाची मार्कशीट काढली, घडी उलगडून माझ्यापुढे धरली. अमरावतीचा फॉर्म भरायची शेवटची तारीख आजच आहे, गझाला कालपासून खोलीबाहेर येत नाही, आणि त्यांना तो भरता येत नाही.

मी चपला घातल्या.