डावी पापणी

मंगळवार, दिवेलागण

ह्यांची डावी पापणी आजही उतरली. सकाळी ठीक असते, दिवस कलला की डोळ्यावर येते आणि जीभही जड होते. चौक गावातल्या ह्यांच्या गॅरेजमधली पोरं कुजबुजायची, शेठ प्यायला लागले.

डॉक्टर आज म्हणाले, दारू नाही, अर्धांगही नाही. अंगातली प्रतिकारशक्तीच नस आणि स्नायूच्या जोडावर उलटलीय. उतारवयातही होतं असं. आणि मी रोज प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून गुळवेलीचा काढा पाजत होते. त्यानंच वाढलं का? विचारलं, तर तो बंद करा एवढंच म्हणाले. जन्मभर ज्या प्रतिकारशक्तीनं ह्यांना राखलं, तिला आपलं माणूस कसं ओळखू येईना?

"घरचाच कुत्रा चावला म्हण," हे म्हणाले.

डॉक्टरांनी तपासताना पापणीवर बर्फ धरला, तेव्हा ती उघडली होती. म्हणून घरी आल्यावर मीही रुमालात बर्फ धरला. थोड्या वेळानं पापणी वर गेली. हे दोन्ही डोळ्यांनी माझ्याकडे बघत राहिले.

"लय बारीक झालीस गं. जेवतेस का नाय?"

पापणी पुन्हा उतरेपर्यंत मी समोरून हलले नाही.