इर्जिकीच्या पंगतीतली माणसं

आबा, आज मी ग्रामसभेत उभी राहिले आणि भांडले. तुम्ही असतात तर मिशीतल्या मिशीत हसला असतात.

भांडण एका जोडप्यासाठी होतं. छत्तीसगडच्या जंगलातली माणसं, पदरात दोन पोरी. तिकडं वर्षानुवर्षं बंदुका चालतात. एका बाजूचे येऊन जाब विचारतात, ते गेले की दुसऱ्या बाजूचे. गावच ओस पडलं, तसे हे जीव घेऊन निघाले आणि फिरत फिरत मळवलीच्या एका बंगल्यावर राखणीला लागले. बंगला विकला गेला, हे पुन्हा रस्त्यावर. मी त्यांना आपल्या गावच्या शाळेच्या जुन्या रिकाम्या खोलीत ठेवलं. आज सभेत सूर निघाला की खोली खाली करा, कोण कुठले हे.

मला एकदम आपलं वरचं खाचर आठवलं. भातलावणीची इर्जिक आहे, आख्खं गाव आपल्या शेतात राबायला आलंय. मजुरी कुणी घेत नाही, जेवण तेवढं आपलं. मी वाढतेय. घाटाखालून आलेले दोन अनोळखी गडी पंगतीच्या टोकाला बसलेत, त्यांना न वाढताच मी पुढं जाते, तोच तुम्ही माझ्या हातातलं पातेलं घेता. "चिखलात समदे एका रांगेत व्हते. हितं बी तसंच." चारचौघांत बोललात, लय लागलं होतं मला.

तेच आज कामी आलं! यंदा हे जोडपं गावातल्या एकूण एक इर्जिकीला आलं होतं, कुणी न बोलावता. मी विचारलं, यांच्या हातची रोपं ज्याच्या खाचरात नसतील त्यानं हात वर करावा. कुणीच केला नाही. मग मी म्हणाले, "आबा सांगायचे, जो आपल्या इर्जिकीला जेवला, त्याच्या डोक्यावरचं छप्पर गावानं बघायचं."

तुमचे एक जुने जोडीदार काठी टेकत उठले. "व्हय, आबा असंच म्हणायचा. म्या ऐकलंय."

खोली राहिली, आबा! पोरी सोमवारपासून शाळेत जाणार.

घरी येताना मला हसू आवरेना. छपराचं तुम्ही कधी बोललाच नव्हतात. पंगतीचं तेवढं तुमचं, पुढचं मी उभ्या उभ्या जोडलं. त्यामुळं हे पत्र गावात कुणाला वाचून दाखवायची सोय नाही, आणि तुमच्याकडं धाडू तरी कसं? पण जोडीदार कधीतरी तिकडं येतील, विषय काढतील. तेव्हा तेवढं व्हय म्हणा.