टीबी म्हणून सांगितलं

सोम. २७ ऑक्टो.
छातीतला तुकडा काढून पाठवला होता, त्याचा रिपोर्ट आला. कॅन्सर. उजवं फुफ्फुस. सोलापूरच्या दवाखान्याच्या पायऱ्यांवरच ह्यांच्या धाकट्या भावानं, भावजींनी, माझ्याकडून शब्द घेतला: दादाला कळू द्यायचं नाही, हाय खाईल. मग सांगायचं काय? माझ्याच तोंडून निघालं, टीबी म्हणू. अकरा वर्षं आशाताई म्हणून करकंबात टीबीच्या पेशंटांना गोळ्या देते. दुसरं सुचलंच नाही. एस.टी.त हे म्हणाले, "मग तोंड कशाला पाडलंय? टीबी बरा होतो की." मी खिडकीकडं तोंड करून रडले.

बुध. २९
परत सोलापूर. दर बुधवारी तिथं छातीचे, ऑपरेशनचे, केमोचे, रेडिएशनची लाईट देणारे असे सगळे डॉ. एकत्र बसून एकेक फाईल बघतात. ह्यांची बघितली. गाठ आज काढता येत नाही. आधी केमो. आकसली तर ऑपरेशन. नाही तर लाईट. छातीचे डॉ. दोनदा म्हणाले, दिवस घालवू नका. पेशंटला सांगितलंय ना, असंही विचारलं. भावजी हो म्हणाले. मी फाईल पिशवीत घातली. ह्यांना सांगितलं, टीबीची भारी इंजेक्शनं हायत, ॲडमिट व्हावं लागंल.

रवि. २ नोव्हें.
ह्यांनी ताट-तांब्या वेगळा केला. तोंडाला रुमाल बांधून दाराशी बसतात, मला लागण नको म्हणून. अठ्ठावीस वर्षांचा संसार, आणि माणूस लांब सरकतोय ते माझ्या थापेमुळं. मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

शुक्र. ७
जेवण जात नाही, पण खुशीत. वेल्डिंगच्या दुकानात तासभर बसून आले. "उतार पडाय लागलाय" म्हणे. कसला उतार? अजून एक गोळीसुद्धा चालू नाही. मंगळवारी केमो. तेवढं पार पड रे बाबा.

मंग. ११
केमो झाली नाही. रक्त तपासलं तर लिव्हर बिघडलंय. डोळे पिवळट, आणि मला घरात दिसले नाहीत! डॉ.नी विचारलं, दुसऱ्या कुठल्या गोळ्या घेतात का. मी ठामपणे नाही म्हणाले. मग सिस्टर म्हणाली, लघवी केशरी होतेय. तो रंग मी ओळखते, नव्या पेशंटला मीच सांगते की गोळ्यांनी असं होतं, घाबरू नका.
घरी येऊन माझा गोळ्यांचा डबा उघडला. एक पेशंट मधेच गाव सोडून दुधनीला गेला, त्याच्या टीबीच्या उरलेल्या पट्ट्या. सरकारी दवाखान्यात जमा करायच्या राहिल्या होत्या. निम्म्याच्या वर रिकाम्या.
ह्यांना विचारलं. मान खाली. मग म्हणाले, "साऱ्या गावाला घरी जाऊन गोळ्या देतीस. मला का दिल्या न्हाईस?"
रागानं म्हणाले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

बुध. १२
छातीच्या डॉ.ना फोनवर खरं सांगितलं. किती गोळ्या, कधीपासून, ते विचारून घेतलं. लिव्हरची सूज उतरेपर्यंत केमो बंद. पुढच्या बुधवारी फाईल परत मांडणार. तोवर गाठ थांबती का? कुणी सांगत नाही. भावजी म्हणतात, अजूनही बोलू नको.

शुक्र. १४
सांगितलं. भावजींना न विचारता. दुपारी, परातीत पीठ तसंच टाकून. आधी मी कॅन्सर म्हणाले, मग बाकीचं आपोआप आलं. ह्यांनी एकच विचारलं, कुणाकुणाला ठावं हाय. मी नावं घेतली.
"म्हंजी मला सोडून समद्यास्नी."
रुमाल सोडला, पण जवळ आले नाहीत. संध्याकाळपर्यंत तसेच दाराशी बसून होते.

बुध. १९
सोलापूर. लिव्हरची सूज उतरलीय, पुरती नाही. ह्यांनी सरळ छातीच्या डॉ.ना सांगितलं, माझी फाईल बघताना मी आत बसणार. पेशंटला बसवत नाहीत, पण ते हो म्हणाले. मीही उठले, तर हातानंच थांबवलं.
"तू हितंच बस. तू असलीस की डॉक्टर तुझ्याकडंच बघून बोलत्यात."
अर्धा तास झाला. अजून आतच आहेत.