झिजलेल्या दातांची पिशवी

विजय नगर, इंदूर
९ जानेवारी २०२५

चि. उर्वी हिस अ. उ. आ.

तू फोन न करता पत्र लिहिलंस, बरं केलंस. तुझी मावशी जाऊन पाच महिने झाले, तरी फोनवर मला तिच्याबद्दल बोलायला जमत नाही.

तिच्या सहा बाटल्या तुमच्या रत्नागिरीच्या समुद्री जीवांच्या संग्रहाला हव्यात हे वाचून आनंद झाला, आणि लगेच कपाट उघडून पाहिलं. बाटल्या कपाटात आहेत. प्रत्येकीत मुगाच्या दाण्याएवढी एक बिनशंखाची समुद्री गोगलगायही आहे. आतल्या चिठ्ठ्या मात्र नाहीत. तेराव्यानंतर मी एकेक बाटली उघडून अरुंधतीची पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी चिमट्याने काढली, वाळवली आणि वहीत चिकटवली. तिच्या हातचं दुसरं फारसं काही घरात नाही. किराण्याची यादीसुद्धा ती मोबाइलवर करायची. कोणती चिठ्ठी कोणत्या बाटलीतली, हे लिहून ठेवायचं मला सुचलं नाही. बिजलीच्या दफ्तरात चौतीस वर्षं फायली सांभाळलेला माणूस मी.

चिठ्ठ्यांवर जागा, तारीख आणि 'हिरवी, पांढरी कडा', 'पिवळे ठिपके' असं लिहिलंय. बाटल्यांत मात्र सगळ्याच भाताच्या शितासारख्या पांढऱ्या. समोरच्या सुरभीने परवा विचारलं, "अंकलजी, ये किस चीज़ का अचार है?"

त्यांचं आता काय होईल ते स्पष्ट लिही. ही चूक कळल्यावरही लोभ ठेव.

तुझा
लक्ष्मीकांतकाका


रत्नागिरी
१७ जानेवारी २०२५

ती. काकांस शि. सा. न. वि. वि.

स्पष्टच लिहिते. कुठे आणि कधी सापडली हे माहीत नसेल, तर गोगलगाय संग्रहात घेत नाहीत. विद्यार्थ्यांना चिरून शिकायला देतात. चिठ्ठीचा फोटोही चालत नाही, मूळ चिठ्ठी बाटलीत लागते. मावशी असती तर तुमच्याशी दोन दिवस अबोला धरला असता, आणि तुम्हाला तो कळलाही नसता.

रंग स्पिरिटमध्ये उतरतोच. दात टिकतात. काही समुद्री गोगलगायींच्या जिभेवर दातांच्या पुष्कळ रांगा असतात आणि झिजलेले दात गळून पडतात. मावशीच्या गोगलगायी वेगळ्या गणातल्या. त्या शेवाळाचा रस शोषतात, कित्येक तर त्यातलं हिरवं अंगात जपून ठेवतात. त्यांना दातांची एकच रांग, आणि कामावर फक्त पुढचा दात. तो झिजला की मागचा पुढे येतो. झिजलेला मात्र बाहेर जात नाही, तोंडातल्या एका पिशवीत साठतो. गणाला नावच त्या पिशवीवरून पडलंय.

दाताच्या आकारावरून जात ओळखता येते. मावशी एका जागी दोन गोगलगायी घ्यायची. एक उघडून तिच्या दातांचं चित्र चिठ्ठीच्या मागे काढायची, दुसरी बाटलीत ठेवायची. म्हणजे उत्तर तुमच्या वहीत पालथं चिकटलंय. बाटलीतल्या गोगलगायीचा दात मी त्या चित्राशी ताडून पाहीन. चिठ्ठ्या भिजवून सोडवा. पेन्सिल पाण्याला भीत नाही, म्हणून तर ती पेन्सिलीने लिहायची. तुमच्यासाठी हे सोपं नाही, ते मला कळतं.

तब्येत सांभाळा, आणि मला रागवायचा हक्क तेवढा असू द्या.

तुमची
उर्वी


इंदूर
२ फेब्रुवारी २०२५

चि. उर्वी हिस अ. उ. आ.

चिठ्ठ्या पिठाच्या लेईने चिकटवल्या होत्या, दफ्तरातली सवय. तरी चार दिवस वहीला हात लावला नाही. शेवटी एक पान थाळीतल्या पाण्यात ठेवलं आणि शेजारी बसून राहिलो. अक्षर हललं नाही.

मागे चित्रं आहेत. एक दात मोच्याच्या आरीसारखा, एक खडावेसारखा. प्रत्येक चित्राच्या कडेला बारीक दातांचा ढीग आणि खाली 'जुने २३', 'जुने ३१'. तिच्या पेटीतली दातांची एक काचपट्टी मी तिच्याच सूक्ष्मदर्शकाखाली लावून पाहिली. नीट दिसायला अर्धा तास गेला, पण ढीग दिसला. हे जुने दात गोगलगाय का ठेवते? त्यांचा तिला काय उपयोग?

गुजरातच्या किनाऱ्यावर वेरावळला आम्ही अकरा हिवाळे गेलो. तुझी मावशी ओहोटीत वाकलेली असायची, मी छत्री आणि थर्मास धरून उभा. काय शोधतेस, असं मी एकदाही विचारलं नाही.

वरच्या मजल्यावरचा निशांत गाडीने कोकणात फिरायला येतोय. त्याच्याबरोबर बाटल्या आणि सहाही चिठ्ठ्या देतोय. वही इथेच आहे, कोरी.

जपून हाताळ. तुझ्यावर माया आहेच, लिहायची सवय नाही.

लक्ष्मीकांतकाका


रत्नागिरी
२४ फेब्रुवारी २०२५

ती. काकांस शि. सा. न. वि. वि.

चार बाटल्या जुळल्या आणि संग्रहात गेल्या. उरलेल्या दोन गोगलगायींचे दात हुबेहूब एक. जात एकच, पण एक वेरावळच्या दीपगृहाजवळची आणि एक बंदराजवळची. कोणती कुठली, ते आता कोणालाच सांगता येणार नाही. आमच्या संग्रहाचे साहेब त्या परत पाठवा म्हणत होते. मी भांडले. दोन्ही बाटल्या एकाच बरणीत ठेवायच्या, दोन्ही चिठ्ठ्यांसकट, आणि घोळ का झाला ते लिहायचं, यावर ते कबूल झाले.

झिजलेले दात गोगलगाय का ठेवते, ते मलाही माहीत नाही. साहेबांनाही विचारलं, नक्की सांगता येत नाही म्हणाले.

आमच्याकडे जुनी चिठ्ठी कधी काढत नाहीत. ज्याने काही बदल केला त्याने आपली चिठ्ठी तिच्याशेजारी घालायची. तर तिसरी चिठ्ठी तुमची. सोबत कागद पाठवतेय. पेन्सिलीनेच लिहा, पेनने लिहाल तर बरणी निळी होईल.

उत्तराची वाट पाहते, आणि तुमचीही.

उर्वी


इंदूर
५ मार्च २०२५

चि. उर्वी हिस अ. उ. आ.

चार कागद फुकट गेले. पाचवा सोबत आहे. त्यावर लिहिलंय: 'या दोन चिठ्ठ्या बाटल्यांतून मी काढल्या. कोणती कोणाची, ते माझ्यामुळे हरवलं. गोगलगायी अरुंधतीने शोधलेल्या आहेत. लक्ष्मीकांत, इंदूर.' जास्त झालं असेल तर सांग, पण कमी करता येत नाही.

पुढच्या हिवाळ्यात तुमच्या किनाऱ्यावर यावं म्हणतो. छत्री आणि थर्मास आणीन. या वेळी विचारीन.

माझं अक्षर पाहून ती म्हणायची, तुमचं लिहिलेलं तुम्हीच वाचा. आता ते तिच्या अक्षराला टेकून राहील. तेवढी बरणी मागच्या फळीवर ठेवलीस तरी चालेल.

तुझा
काका